बारा बाटल्या आणि एक डोकं

मॅडमचा घसा बसला आणि सर म्हणाले, "बरं, एक तास घेतो." पुढचा सगळा घोळ या चार शब्दांतून निघाला.

खरं तर सरांना ‘बरं’ म्हणायची सवय नव्हती. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवताना त्यांच्या तोंडी सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द ‘गाढवा’ हा होता, आणि त्याखालोखाल ‘ऑक्सिजन’. नोकरीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, पण राग निवृत्त झाला नव्हता. त्याला आता घरातच पूर्णवेळ काम होतं. दूधवाला उशिरा आला की राग, लवकर आला की राग (झोपमोड होते म्हणून), आणि बरोबर वेळेवर आला तर त्या दिवशी रागवायला दुसरं कोणीतरी शोधावं लागे. सुदैवाने खाली बायकोचा वर्ग होता.

मॅडम म्हणजे सरांची बायको. घराच्या तळमजल्यावरच्या लांबलचक खोलीत तिचा केशरचनेचा वर्ग चाले. सहा बेसिनं, सहा मागे कलणाऱ्या खुर्च्या, भिंतभर आरसा आणि बारा मुली. सोमवारी मंडळाची परीक्षा होती. गेल्या वर्षी मंडळानं वहीत शेरा मारला होता : ‘थिअरी कच्ची. सुधारणा न दिसल्यास मान्यतेचा फेरविचार करावा लागेल.’ मान्यता गेली असती तर बारा मुलींचं वर्ष वाया गेलं असतं आणि मॅडमची बावीस वर्षांची मेहनत बेसिनच्या जाळीतून खाली वाहून गेली असती. म्हणून मॅडम महिनाभर ओरडून ओरडून शिकवत होती. आणि परीक्षेला तीन दिवस उरले असताना, शुक्रवारी सकाळी, तिच्या गळ्यातून आवाजाऐवजी नुसती हवा बाहेर आली.

डॉक्टरांनी चार दिवस तोंड बंद ठेवायला सांगितलं. मॅडमनं कागदावर लिहून सरांपुढे सरकवलं : ‘थिअरीचा एक तास घ्याल का? प्रॉडक्ट केमिस्ट्री. तुमचाच विषय आहे. रागवायचं नाही.’ शेवटच्या दोन शब्दांखाली दोन रेघा होत्या.

"रागवायचं नाही म्हणजे काय?" सर कडाडले. "मी कधी रागावतो?"

मॅडमनं कागद उलटा केला. मागे आधीच लिहिलेलं होतं : ‘आत्ता.’

तर सर म्हणाले, "बरं, एक तास घेतो."

तास सुरू होऊन दोन मिनिटं होतात न होतात तोच पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं पिशवीतून बाटली काढली. घरून आणलेली होती. "सर, हा शाम्पू चांगला ना? यात केमिकलच नाहीये. लिहिलंय बघा."

सरांनी बाटली हातात घेतली. लिहिलेलं वाचलं. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि जाताना वाटेत कुठेही थांबली नाही.

"केमिकल नाही? अगं, पाणी केमिकल आहे! ही बाटली केमिकल आहे! तू केमिकल आहेस! मी केमिकल आहे!"

"अॅसिड," मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं.

सरांनी ते ऐकलं, पण न ऐकल्यासारखं केलं, कारण आता त्यांना रंग चढला होता. त्यांनी फळ्यावर सामूचे, म्हणजे पीएचचे, शून्य ते चौदा आकडे मांडले. कंडिशनर चारच्या आसपास, शाम्पू सहाच्या आसपास, आणि अंघोळीचा साबण थेट नऊ-दहा. साबणानं केसावरचे बारीक खवले उघडतात, केस राठ होतो, आणि जड पाण्यात तर साबणाचा पांढरा थर डोक्यावर तसाच बसतो. "डोक्याला अंघोळीचा साबण चोळणारा माणूस," सर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "शिकलेला असूच शकत नाही!" मग त्यांनी फेसाकडे मोर्चा वळवला. फेस म्हणजे सफाई हा अडाणी समज आहे. बनवणारे फेस वेगळा घालतात, गिऱ्हाइकाला खूश करायला. "फेस बघून शाम्पू ओळखायचा नाही! मोजायचं! मोजमाप म्हणजे शास्त्र, बाकी सगळ्या गप्पा!"

एवढ्यात त्यांची नजर कोपऱ्यातल्या मुलीवर गेली. वर्गात सगळे तिला हळूबाई म्हणत. ती सगळं हळू करायची. चालायची हळू, बोलायची हळू, आणि एक डोकं धुवायला इतर मुलींना दहा मिनिटं लागत तिथे तिला वीस लागत. पण तिच्या हाताखाली येऊन गेलेली माणसं खुर्चीतून उठायला तयार नसत. थिअरीत मात्र ती दोनदा आपटली होती. मंडळाच्या नियमानं तिसरी वेळ शेवटची. या खेपेला गेली तर तिला पुन्हा बसताच येणार नव्हतं, आणि तिच्या घरी तिच्यासाठी शिवणकामाचं मशीन आणून ठेवलेलं होतं. तिला शिवण अजिबात आवडत नसे.

"तू सांग. शाम्पू आणि कंडिशनर यांत फरक काय?"

हळूबाई उभी राहिली. तिनं विचार केला. सगळ्या वर्गानं वाट पाहिली. बाहेरून एक सायकल येऊन निघून गेली.

"हाताला कळतो, सर."

"हाताला?" सरांचा आवाज वरच्या मजल्यावर मॅडमपर्यंत पोहोचला. "मग डोकं कशाला दिलंय? परीक्षेचा पेपर काय हातानं सोडवणार आहेस?"

"पेपर हातानंच लिहितात, सर," हळूबाई म्हणाली. तिला हसवायचं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. पण वर्ग इतका हसला, की सरांनी तिला सामूचा तक्ता दहा वेळा लिहून आणायला सांगितला आणि तास संपल्याचं जाहीर केलं. तासाला अजून वीस मिनिटं बाकी होती.

इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण सर निघता निघता बेसिनांपाशी गेले, आणि तिथे त्यांना बारा बाटल्या दिसल्या.

बाराही पांढऱ्या. बाराही सारख्या. आत पांढरा, जाडसर, एकाच वासाचा माल, मोठ्या कॅनमधून ओतून भरलेला. लेबल एकावरही नाही. प्रत्येकीच्या गळ्यात फक्त एक रबरबँड.

"हे काय आहे?"

"लाल म्हणजे शाम्पू," हळूबाई म्हणाली, "निळा म्हणजे कंडिशनर. आणि फळीवरच्या त्या दोन, काळ्या रबरबँडवाल्या, त्यांची तारीख उलटलीये. काळा म्हणजे वापरायचं नाही."

"लेबल?"

"ओल्या हातांनी सुटतं, सर. रबरबँड सुटत नाही. आणि लाल जाड आहे, निळा बारीक. डोळ्यांत साबण गेला तरी बोटांना कळतं."

सरांना पुढचं ऐकूच आलं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षांत लेबल नसलेली एक बाटली सापडली होती, तेव्हा त्यांनी शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांची झाडाझडती घेतली होती. आणि इथे, त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्या पायांखाली, बावीस वर्षं, रबरबँड! मंडळाची माणसं सोमवारी येणार आणि त्यांना हे दिसणार! सरांना ती रात्र (आणि शनिवारचा अख्खा दिवस) चैन पडलं नाही. त्यांना वाटलं, बायकोची मान्यता वाचवायची तर ती आपणच वाचवायला हवी. चांगला विचार होता. सरांचे सगळे अनर्थ चांगल्या विचारापासूनच सुरू होत.

रविवारी दुपारी मॅडम औषध घेऊन वर झोपली. सर बाह्या सरसावून खाली उतरले.

आधी त्यांनी गरम पाण्यात कापड भिजवून बाराही बाटल्या पुसल्या. लेबल नीट चिकटायला बाटली स्वच्छ हवी, हे त्यांना ठाऊक होतं. रबरबँड मध्ये येत होते, म्हणून ते सगळे काढून त्यांनी बिस्किटांच्या डब्यात टाकले आणि डबा हलवून झाकण लावलं. बाटल्या टॉवेलवर ओळीनं वाळत ठेवल्या. मग जाड कागदाची बारा लेबलं कापली आणि त्यांवर वळणदार अक्षरात, शाळेत फळ्यावर काढत तसल्या, नाव, सामू आणि तारीख लिहून खाली सही केली. लेबलं इतकी देखणी झाली, की सरांनी ती लांब धरून दोनदा वाचली.

मग त्यांनी पहिलं लेबल उचललं, पहिल्या बाटलीकडे हात नेला आणि हात हवेतच राहिला.

सगळ्या बाटल्या सारख्याच होत्या.

त्यांनी टोपणं उघडून पाहिली. सहांतला माल थोडा दाट होता, सहांतला थोडा पातळ. म्हणजे गट तर पडले. पण कुठला गट कुठला?

वर जाऊन बायकोला विचारणं हा एक मार्ग होता. तो सरांनी ताबडतोब फेटाळला. (एकतीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, शाम्पू कुठला, हे बायकोला विचारणार?) दुसरा मार्ग म्हणजे थेंबभर माल हातावर घेऊन पाणी लावून चोळणं. फेस आला की शाम्पू. शेजारच्या पोरालाही जमलं असतं. पण परवाच भर वर्गात ते काय म्हणाले होते? फेस बघून ओळखायचा नाही! मोजायचं! माणसाला तत्त्व असतं. सर कपाटाकडे गेले आणि शाळेतून निवृत्तीच्या दिवशी आणलेलं सामू-पट्ट्यांचं पाकीट शोधून काढलं.

पट्टी दाट मालात बुडवली. पट्टी ओली झाली आणि पिवळट दिसली. दुसरी पट्टी पातळ मालात बुडवली. तीही पिवळट. आता दुसरा कुणी असता तर त्याला वाटलं असतं, पट्टी मेली. पण सरांना शंका नावाचा आजार कधी झालाच नव्हता. त्यांनी दोन्ही पट्ट्या खिडकीत धरल्या, चष्मा वर करून पाहिल्या, खाली करून पाहिल्या आणि दाट मालाची पट्टी ‘किंचित हिरवट’ असल्याचा निर्णय दिला. हिरवट म्हणजे सहा. सहा म्हणजे शाम्पू. सहा दाट बाटल्यांवर ‘शाम्पू’ चढला, सहा पातळ बाटल्यांवर ‘कंडिशनर’. वरून चिकटपट्टी. सर वर जाऊन चहा करून प्यायले, कारण स्वतःचं कौतुक करायला दुसरं कुणी जागं नव्हतं.

सोमवारी सकाळी मॅडम खाली आली आणि दारातच खिळली.

"रबरबँड?" तिच्या तोंडून हवा निघाली.

"काढून टाकले!" सर म्हणाले. "बघ, लेबलं कशी आहेत! मंडळ खूश होऊन जाईल."

मॅडमच्या चेहऱ्यावर जे आलं ते बोलायला आवाज हवा होता, आणि आवाज नव्हता. तिनं सरांच्या शर्टाची कॉलर धरली, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि बावीस वर्षांत बोलली नसेल इतकं भराभर, नुसत्या श्वासानं बोलली. सरांना त्यातलं फक्त ‘विचारलं का’ एवढंच कळलं. ती बाटलीकडे हात नेणार, तोच दारातून आवाज आला, "येऊ का?" आणि परीक्षक बाई हातात फाइल घेऊन आत आल्या. परीक्षा सुरू झाली. आता कुणालाही कशाला हात लावायची सोय उरली नव्हती.

परीक्षक बाई कमी बोलत आणि जास्त लिहीत. त्यांनी लेबलांवर नजर टाकली, मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. सरांनी मॅडमकडे ‘बघ’ अशा अर्थी पाहिलं. मॅडमनं पाहिलं नाही.

पहिल्या तुकडीत सहा मुली धुणार होत्या आणि सहा मुली त्यांच्यासमोर डोकं देऊन बसणार होत्या. पण एकीला ताप आला होता. पाच खुर्च्या भरल्या. सहाव्या बेसिनपाशी हळूबाई एकटीच उभी होती.

"मॉडेल नसेल तर परीक्षा नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी बसा."

"मला पुढचं वर्ष नाहीये, बाई," हळूबाई म्हणाली.

मॅडमनं सरांकडे पाहिलं. बारा मुलींपैकी उरलेल्या अकरांनी सरांकडे पाहिलं. सरांच्या डोक्यावर पांढरेशुभ्र, मानेपर्यंत रुळणारे, भरघोस केस होते. या वयात असे केस कुणाचे नाहीत, हे ते रोज आरशाला सांगत, आणि न्हाव्याखेरीज कुणाला हात लावू देत नसत.

"मी? हिच्याकडून?"

मॅडमनं बोट दाखवलं. खुर्चीकडे. सर खुर्चीत जाऊन बसले. हळूबाईनं त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, खुर्ची मागे कलती केली आणि सरांना छताशिवाय काहीही दिसेनासं झालं.

नियमाप्रमाणे धुण्याआधी डोक्याची त्वचा तपासायची आणि निष्कर्ष मोठ्यानं सांगायचे. हळूबाईनं कंगव्यानं भांग पाडत पाडत सगळं डोकं पाहिलं. तिनं पूर्ण वेळ घेतला.

"त्वचा कोरडी," ती म्हणाली. "कोंडा मध्यम. कानामागे जखम नाही. माथ्यावर केस विरळ झालेत, पण बाजूचे वरून वळवून घेतलेत, त्यामुळे लांबून भरघोस दिसतात."

"काय?" सर उसळले.

"मॉडेलनं बोलायचं नाही," परीक्षक बाई फाइलमधून वर न पाहता म्हणाल्या.

"केस राठ," हळूबाई पुढे म्हणाली. "खवले उघडे. मुळांशी पांढुरका थर." तिनं तो थर बोटानं खरवडला, वास घेतला आणि क्षणभर थांबली. ती थांबली नसती तर बरं झालं असतं, कारण तेवढ्यात सगळ्या खोलीनं कान टवकारले. "मॉडेल डोक्याला अंघोळीचा साबण लावतात. बरीच वर्षं."

पाचही खुर्च्यांत कुणीतरी खोकलं. शुक्रवारी टेबलावर आपटलेली मूठ सगळ्यांना आठवत होती. सरांचा चेहरा लाल झाला, पण तो उलटा असल्यामुळे कुणाला नीट दिसला नाही. (साबण लहानपणापासून लागत आला होता. शाम्पूची सवयच नव्हती. पण हे सांगायलाही तोंड उघडावं लागलं असतं.)

मग पाण्याचा आवाज सुरू झाला. हळूबाईनं पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन पाहिलं, मग सरांच्या कपाळाशी हात आडवा धरून धार सोडली. कोमट पाणी मागे वाहून गेलं. सर रागानं बोलायला जुळवाजुळव करत होते, पण त्या बोटांनी मानेच्या वरच्या खळग्यात दाब दिला आणि राग दोन मिनिटं कुठे गेला ते त्यांना कळलं नाही. नखं कुठेच लागत नव्हती. अशा तऱ्हेनं त्यांच्या डोक्याला हात लावणारं माणूस त्यांना आयुष्यात भेटलं नव्हतं.

"फेस येत नाहीये," शेजारच्या बेसिनवरून कुणीतरी कुजबुजलं.

"तेल असेल. दुसऱ्यांदा घे."

मॅडमनं शिकवलेलंच होतं, की तेलकट डोक्याला पहिल्या खेपेला फेस येत नाही. पाचही मुलींनी पुन्हा बाटली दाबली. पुन्हा काही नाही. आणखी दाबली. खोलीभर नुसता चुबुकचुबुक असा आवाज, लोणी मळल्यासारखा, आणि फेसाचा तो सळसळता आवाज कुठेही नाही.

सर ऐकत होते. आणि छताकडे बघता बघता त्यांना सगळं समजलं.

पहिल्यांदा त्यांना त्या पट्ट्यांच्या पाकिटाचा राग आला. मग पाकीट बनवणाऱ्यांचा. मग पांढऱ्या बाटल्या विकणाऱ्यांचा, मग ताप आलेल्या त्या मुलीचा, मग घसा बसणाऱ्या बायकोचा. राग सगळ्या गावाला वळसा घालून आला आणि शेवटी जाऊन बसायला सरांखेरीज कुणी उरलं नाही. तेव्हा सर पहिल्यांदा घाबरले. इथे अकरा मुली नापास होत होत्या. बायकोची मान्यता जात होती. आणि ज्या मुलीला पुढचं वर्ष नव्हतं, तिच्या हातात त्यांचं डोकं होतं.

"थांबा!" सर ओरडले आणि उठायला गेले.

"मान हलवू नका, सर," हळूबाई शांतपणे म्हणाली आणि त्यांचं कपाळ दोन बोटांनी मागे दाबलं. "माझे मार्क जातात."

"अगं, पण ती बाटली..."

"मॉडेल," परीक्षक बाई म्हणाल्या.

तोपर्यंत बाकीच्या पाच जणी पुढच्या पायरीवर गेल्या होत्या. ‘शाम्पू’नं फेस आला नाही तर नाही, वेळ संपत चालली होती. त्यांनी ‘कंडिशनर’ घेतला, शिकवल्याप्रमाणे केसांच्या लांबीवर भरपूर लावला आणि मोठ्या दातांचा कंगवा फिरवला. आणि मग फेस आला. आधी थोडा, मग पुष्कळ. कंगव्यातून वर आला, कानांवरून उतरला, बेसिनच्या काठावरून फरशीवर आला. एक मुलगी पाणी सोडून तो घालवायला गेली, तर तो दुप्पट झाला. एका मॉडेलच्या नाकात गेला आणि ती शिंकली. मॅडम भिंतीला टेकून उभी होती. तिचं तोंड उघडंमिटं होत होतं आणि आवाज येत नव्हता, आणि तिचे डोळे भरून आले होते. ते रागानं की दुःखानं, हे सरांना दिसलं नाही, कारण ते छताकडे बघत होते. पण त्यांना ते कळलं.

सहाव्या बेसिनवर मात्र हळूबाई अजून पहिल्याच पायरीवर होती. तिचे हात थांबले होते.

"घसरतंय," ती स्वतःशीच म्हणाली.

तिनं दोन्ही बाटल्या उचलल्या. एका तळव्यावर एकीचा थेंब, दुसऱ्यावर दुसरीचा. वर दोन थेंब पाणी. अंगठ्यानं चोळलं. डावा हात नुसता गुळगुळीत झाला, उजव्यावर पांढरा फेस उभा राहिला. ती तशीच, दोन्ही तळवे पुढे धरून, हळू पावलांनी परीक्षक बाईंकडे गेली.

"बाई, लेबलं उलटी आहेत."

परीक्षक बाईंनी तळवे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच लिहिणं थांबवल्यासारखं त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांनी थांबा. ही लेबलं कुणी लावली?"

मॅडम बोलू शकत नव्हती. पण तिनं भिंत सोडली, एक पाऊल पुढे आली आणि स्वतःच्या छातीकडे बोट नेऊ लागली.

हळूबाईचे हात सुटल्यावर सरांनी मान वर केली होती, त्यामुळे ते त्यांना आरशात दिसलं. ते खुर्चीतून उठले. बाजूचे वरून वळवलेले केस आता खांद्यावर लोंबत होते आणि माथा सर्वांसमोर उघडा पडला होता. कंडिशनर नाकावरून ओघळत होता.

"मी," सर म्हणाले. आवाज इतका लहान निघाला, की तो त्यांचा आहे हे त्यांनाही पटेना.

"कोण?"

"मी लावली. रबरबँड काढून. कुणालाही न विचारता. या सगळ्यांचा काही संबंध नाही."

"तुम्ही कोण?"

सरांनी तोंड उघडलं. एकतीस वर्षं रसायनशास्त्र, वरिष्ठ शिक्षक, प्रयोगशाळा प्रमुख. हे सगळं ओठांवर आलं आणि तिथून घसरलं.

"मॉडेल," ते म्हणाले.

"मग बसा."

सर बसले.

मॅडमनं पाचही मुलींना खुणेनं बाटल्या बदलून दिल्या आणि परीक्षक बाईंनी त्यांना पुन्हा धुवायला दिलं. वापरण्याआधी माल तपासला नाही म्हणून प्रत्येकीचे चार मार्क कापून. दुसऱ्या तुकडीला तो धडा आयताच मिळाला. तिनं बाटलीला हात लावण्याआधी तळवे ओले केले. हळूबाईचा एकही मार्क कापला गेला नाही. तिनं सरांचं डोकं पहिल्यापासून पुन्हा धुतलं, या वेळी फेसासकट, आणि तिला वीसऐवजी पंचवीस मिनिटं लागली. मग परीक्षक बाईंनी तिला तोंडी प्रश्न विचारला, तोच : शाम्पू आणि कंडिशनर यांत फरक काय?

"शाम्पूचा सामू सहाच्या आसपास, कंडिशनरचा चारच्या. साबणाचा नऊ-दहा," हळूबाई म्हणाली. "सरांनी दहा वेळा लिहून घेतलं म्हणून पाठ झालं." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण मी आधी हाताला विचारते, बाई."

परीक्षक बाईंनी लिहिलं. बराच वेळ लिहिलं. ओल्या टॉवेलखाली सरांची छाती दोन इंच फुगली. शेवटी कुठेतरी त्यांचं शिकवणं उपयोगी पडलं होतं!

दुपारी परीक्षक बाई गेल्या. मान्यता राहिली. मॅडमनं शेरा वाचला आणि न बोलता वही सरांपुढे धरली. ‘थिअरीत सुधारणा आहे. बाटल्यांना लेबल असणे चांगले. ते विषयाच्या जाणकाराने लावावे. जोडपत्र १ : मॉडेलच्या त्वचेची तपासणी.’ जोडपत्रात सरांच्या डोक्याचं सगळं वर्णन होतं, साबणासकट. ते आता मंडळाच्या कपाटात कायमचं राहणार होतं.

सरांना राग आला. पण आज राग करायला अंगात बळ नव्हतं, आणि डोकं इतकं हलकं वाटत होतं, की त्याच मागे कललेल्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. समोर बाराही बाटल्यांच्या गळ्यांत रबरबँड परत आले होते, सहा लाल, सहा निळे. लेबलं खरवडून काढलेली होती. फळीवर, तारीख उलटलेल्या त्या दोन बाटल्यांच्या शेजारी, सरांचं सामू-पट्ट्यांचं पाकीट ठेवलं होतं, आणि त्यालाही काळा रबरबँड होता. मागच्या बाजूला छापलेली तारीख नऊ वर्षांपूर्वीची होती. सरांनी सुस्कारा सोडला आणि कपाळ पुसायला हात वर केला.

त्यांच्या मनगटातही काळा रबरबँड होता.

"हे काय!" सर गरजले. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट रबरबँडखाली घातलं.

हळूबाई कोपऱ्यात फरशी पुसत होती. ती सावकाश वळली. "काढू नका, सर. मॅडमनी लावलाय. लिहून दिलंय, त्यांनी पुन्हा रबरबँडला हात लावला तर मला सांग."

सरांनी बोट मागे घेतलं. थोडा वेळ त्या काळ्या रबरबँडकडे पाहिलं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या विद्यार्थिनीला नम्रपणे प्रश्न विचारला.

"अंघोळीला तरी काढू का?"

हळूबाईनं विचार केला. तिनं पूर्ण वेळ घेतला.

"तेही लिहिलंय, सर," ती म्हणाली. "शाम्पू लावणार असाल तर काढा. साबण लावणार असाल तर राहू द्या."